रोबोटिक शस्त्रक्रिया : तुलना नेमकी कशाशी करायची?

मुंबईच्या उत्तर सीमेलगत, मीरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतींत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना 'रोबोटिक शस्त्रक्रिया' हे शब्द आता नवे राहिलेले नाहीत. वडिलांचा गुडघा बदलायचा असो, प्रोस्टेटची गाठ काढायची असो किंवा आईची गर्भपिशवी काढायची असो, सल्लामसलतीत कोठेतरी हा पर्याय पुढे येतो आणि त्याच्या मागोमाग खर्चाचा वाढीव आकडाही येतो. अशा वेळी यंत्रच शस्त्रक्रिया करते, त्यामुळे त्यात मानवी चूक संभवत नाही, असा समज काही जण करून घेतात, तर काहींना ही केवळ बिल फुगवण्याची युक्ती वाटते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांच्यापायी रुग्णाच्या हिताचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. रोबोटिक शस्त्रक्रियेचे जे फायदे सांगितले जातात, ते नेमक्या कोणत्या पद्धतीशी तुलना करून सांगितले जातात, हा तो प्रश्न होय.

लहान छिद्र, कमी वेदना, कमी रक्तस्राव, लवकर घरी परतणे हे फायदे खरे आहेत. मात्र त्यांतील बहुतेक फायद्यांचे श्रेय रोबोटचे नसून त्याच्या कितीतरी आधी आलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे, म्हणजे लॅपरोस्कोपीचे आहे. या पद्धतीत पोट मोठी चीर देऊन उघडले जात नाही. बेंबीजवळ आणि पोटावर अन्यत्र अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून त्यांतून कॅमेरा जोडलेली दुर्बीण व लांब दांड्याची बारीक अवजारे आत सोडली जातात आणि शल्यचिकित्सक पडद्यावरचे चित्र पाहत काम करतो. काम करण्यास जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोटाची भिंत वर उचलली जाते. हा वायू पेट घेत नाही, त्यामुळे रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेची उपकरणे निर्धोकपणे वापरता येतात, आणि तो रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. त्याची निवड या दोन कारणांनी झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचे पहिले पान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लिहिले गेले. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1972 मध्ये तेथे निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्यास सुरुवात केली. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन या सोयी तेव्हा सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात नव्हत्या, त्यामुळे पोटात पाणी का साचले किंवा गाठ कशाची आहे हे कळण्यासाठी अनेकदा पोट उघडूनच पाहावे लागे, आणि एका छिद्रातून निदान झाले की रुग्णाची ती मोठी शस्त्रक्रिया टळे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये आणि फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी 1987 मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढून दाखवल्यावर तीच शस्त्रक्रिया उडवाडिया यांनी 1990 मध्ये जे. जे. मध्ये केली, विकसनशील देशांतील ती पहिली मानली जाते. हे तंत्र श्रीमंतांची चैन नसून हातावर पोट असलेल्या माणसालाच त्याची अधिक गरज आहे, हा त्यांचा आग्रह होता. पोटावरच्या मोठ्या चिरेमुळे हमालाला किंवा शेतमजुराला कित्येक आठवडे ओझे उचलता येत नाही आणि तेवढी मजुरी बुडते. छिद्रांची जखम त्याला लवकर कामावर पाठवते. एका सरकारी रुग्णालयात घडलेला हा विचार रोबोटिक शस्त्रक्रियेची चर्चा करताना विसरता कामा नये.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला तिच्या मर्यादाही आहेत, आणि रोबोटचा जन्म त्या मर्यादांतूनच झाला. पोटाच्या भिंतीतील छिद्र हा अवजाराचा टेकू बनतो. उत्तनच्या होडीतील वल्ह्याची मूठ एका बाजूला ओढली की पाते विरुद्ध बाजूला जाते, तसे शल्यचिकित्सकाचा हात उजवीकडे गेला की अवजाराचे टोक डावीकडे सरकते, आणि या उलट्या हालचालीची सवय होण्यात उमेदवारीची कित्येक वर्षे जातात. अवजाराचा दांडा सरळ व ताठ असतो, त्याला मनगट नसते, त्यामुळे अरुंद जागेत सुई वळवून टाका घालणे फार कठीण जाते. नेहमीच्या पडद्यावरचे चित्र सपाट असल्याने खोलीचा अंदाज अनुभवाने बांधावा लागतो. कॅमेरा साहाय्यकाच्या हातात असतो, आणि तीन तास उभे राहून त्या हाताला थकवा आला की चित्र हलू लागते.

रोबोटिक पद्धतीत हीच दुर्बीण आणि हीच अवजारे यंत्राच्या हातांत दिली जातात. सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'दा विंची' या अमेरिकी यंत्रणेला तेथील औषध प्रशासनाने 2000 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली, आणि तिची मांडणी आजही मूलतः तीच आहे. रुग्णाच्या टेबलाशी यंत्राचे चार हात असतात. त्याच खोलीत काही फुटांवर नियंत्रण-कक्षासारखे एक आसन असते, त्यास कन्सोल म्हणतात. शल्यचिकित्सक कन्सोलमध्ये डोके टेकवून दोन डोळ्यांना दोन स्वतंत्र प्रतिमा पाहतो, त्यामुळे खोलीसह आणि सुमारे दहा पट मोठे दृश्य दिसते. त्याचा अंगठा व बोटे ज्या पट्ट्यांत अडकवलेली असतात, त्यांची प्रत्येक हालचाल पोटातील आठ मिलिमीटर जाडीच्या अवजाराच्या टोकापर्यंत पोहोचते. या टोकाला मनगटासारखा सांधा असतो आणि तो मानवी मनगटापेक्षाही अधिक वळतो. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकते. हालचालीचे प्रमाण बदलता येते, म्हणजे बाहेर बोटे तीन सेंटिमीटर सरकली तरी आत टोक एकच सेंटिमीटर सरकेल, अशी योजना करता येते. कॅमेराही शल्यचिकित्सकाच्याच ताब्यात असतो. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे : पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी वापरात असलेल्या या यंत्रणा स्वतः कोणताही निर्णय घेत नाहीत आणि शल्यचिकित्सकाने डोके कन्सोलपासून दूर केले की हात जागच्या जागी थांबतात. रुग्णाशेजारी साहाय्यक शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका सतत उभ्या असतात; अवजारे बदलणे, रक्त शोषून घेणे आणि गरज पडल्यास यंत्र मिनिटभरात बाजूला करून पोट उघडण्याची तयारी ठेवणे हे काम त्यांचे असते.

या यंत्राने काय साधते ते प्रोस्टेटच्या कर्करोगात सर्वांत स्पष्ट दिसते. पुरुषांमधील ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटाच्या हाडाआड, एखाद्या खोल व अरुंद कप्प्यात असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लैंगिक क्षमतेशी निगडित मज्जातंतूंचे अतिशय नाजूक जाळे चिकटलेले असते. ग्रंथी काढल्यानंतर मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रनलिकेचे तुटलेले टोक एकमेकांना गोलाकार टाक्यांनी जोडावे लागते. हा जोड गळका राहिला तर लघवी बाहेर झिरपते, आणि फार घट्ट झाला तर पुढे वाट अरुंद होते. ताठ दांड्याच्या अवजारांनी असे टाके घालणे जगात फार थोड्यांना नीट जमले, म्हणून साधी दुर्बिणीची पद्धत या शस्त्रक्रियेत फारशी रुळली नाही. मनगटाच्या अवजारांनी मात्र ती पुष्कळ शल्यचिकित्सकांच्या आवाक्यात आली. मूत्रपिंडाची केवळ गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवण्याची शस्त्रक्रियाही अशीच आहे. तीत मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने बंद करून गाठ कापायची आणि उघडा पडलेला भाग शिवून रक्तप्रवाह पुन्हा सुरू करायचा असतो; रक्ताविना गेलेले प्रत्येक मिनिट मूत्रपिंडाच्या पेशींना महागात पडते, त्यामुळे टाके किती लवकर व किती नेटके पडतात यावर त्या अवयवाचे भवितव्य ठरते.

तरीही प्रोस्टेटच्या बाबतीतसुद्धा चित्र जाहिरातींइतके सोपे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे तीनशेहून अधिक पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून रोबोटिक आणि ओपन, म्हणजे चीर देऊन केलेली, अशी तुलना करण्यात आली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोबोटिक गटात रक्तस्राव कमी आणि रुग्णालयातील मुक्काम लहान होता, परंतु बारा आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ओपन शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाचा अनुभव रोबोट वापरणाऱ्याहून कितीतरी अधिक वर्षांचा होता, हे या अभ्यासाबाबत लक्षात ठेवण्याजोगे आहे. अनुभवी हात आणि नवे यंत्र यांची फारकत करून मोजमाप करणे किती अवघड असते, ते त्यावरून कळते.

जेथे साधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधीपासून उत्तम चालते, तेथे रोबोटची भर आणखी कमी ठरते. पित्ताशय काढणे, अपेंडिक्स काढणे किंवा फारशी गुंतागुंत नसलेली गर्भपिशवी काढणे यांत दुर्बिणीने होणारे परिणाम इतके चांगले आहेत की यंत्रामुळे रुग्णाच्या पदरात आणखी काही ठोस पडते, असे दाखवणारा पुरावा तुटपुंजा आहे. गुदाशयाच्या कर्करोगावरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत 471 रुग्णांचा समावेश होता. शस्त्रक्रिया मध्येच सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात 12.2 टक्के आणि रोबोटिक गटात 8.1 टक्के आढळले, मात्र 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील तफावत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकी मोठी नव्हती.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तर वैद्यकविश्वाला अधिक गंभीर धडा दिला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 631 स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत सुरुवातीच्या अवस्थेतील या कर्करोगासाठी ओपन पद्धतीने केलेली मूलगामी शस्त्रक्रिया आणि छिद्रांतून, म्हणजे दुर्बिणीने किंवा रोबोटने, केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. साडेचार वर्षांनंतर रोग परत न येता जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ओपन गटात 96.5 टक्के होते, तर छिद्रांच्या गटात 86 टक्के. लहान जखम ही नेहमीच हितावह असते, हा समज या एका अभ्यासाने मोडीत काढला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रियांबाबत सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या देशात अद्याप मोठ्या प्रमाणावर आढळतो, तेथील प्रत्येक घरात ही माहिती पोहोचायला हवी, कारण चीर किती लहान आहे ते रुग्णाला व नातेवाइकांना डोळ्यांनी दिसते, पण आत रोग पूर्ण निघाला की नाही ते दिसत नाही.

नवे यंत्र माणसावर वापरण्यापूर्वी आणि वापरताना ते कसे पारखले जावे, याचे एक महत्त्वाचे उदाहरण पुण्यात घडले आहे, आणि मराठी वाचकांना ते जेवढे ठाऊक असावे तेवढे नाही. ब्रिटनमधील केंब्रिज येथील कंपनीने तयार केलेल्या 'व्हर्सियस' या यंत्रणेची जगातील पहिली मानवी चाचणी 2019 मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली. या यंत्रणेची रचना दा विंचीहून वेगळी आहे. तिचे हात एका मोठ्या खांबाला जोडलेले नसून प्रत्येक हात आपल्या छोट्या गाड्यावर स्वतंत्र उभा असतो, त्यामुळे तो लहान शस्त्रक्रियागृहातही मावतो आणि एका खोलीतून दुसरीत हलवता येतो. कन्सोल उघडे असल्याने शल्यचिकित्सक त्रिमितीचा चष्मा घालून बसून किंवा उभा राहून काम करतो आणि त्याला आपल्या सहकाऱ्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात 30 रुग्णांवर पित्ताशय काढण्यासारख्या सामान्य आणि स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया करण्यात आल्या, आणि यशाची मुख्य कसोटी अगदी साधी ठेवण्यात आली होती : ठरवलेली शस्त्रक्रिया यंत्रानेच पूर्ण झाली, की मध्येच पद्धत बदलावी लागली? त्यानंतर त्याच वर्षी हे यंत्र नियमित वापरासाठी घेणारे जगातील पहिले रुग्णालयही पुण्यातीलच, म्हणजे गॅलेक्सी केअर ठरले.

हा योगायोग नव्हता. गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने दुर्बिणीने कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया करण्याचे कौशल्य वर्षानुवर्षे कमावले होते; मे 2017 मध्ये भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण याच रुग्णालयात झाले, तेव्हा दाता असलेल्या आईचे गर्भाशय काढण्यासाठी दुर्बिणीचाच आधार घेण्यात आला होता, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून मूल जन्माला आले. ज्या शहरात दुर्बिणीचे हात तयार होते, तेथे रोबोट आला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण यंत्र विकत घेता येते, पण ते चालवणाऱ्याची तयारी विकत मिळत नाही. नवे यंत्र हाती आल्यावर पहिल्या काही डझन शस्त्रक्रियांना वेळ अधिक लागतो आणि हात बसेपर्यंत अनुभवी सहकाऱ्याची देखरेख आवश्यक असते. म्हणून 'तुमच्याकडे रोबोट आहे का?' यापेक्षा 'माझ्यावर जी शस्त्रक्रिया करणार आहात, ती तुम्ही स्वतः या यंत्राने किती केल्या, आणि त्यांतल्या किती वेळा ओपन करावे लागले?' हा प्रश्न रुग्णाच्या अधिक उपयोगाचा आहे. असा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, आणि जाणता शल्यचिकित्सक त्याचे उत्तर मोकळेपणाने देतो.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतील रोबोट हा मात्र वेगळ्याच जातीचा आहे आणि त्याची गल्लत पोटाच्या रोबोटशी होता कामा नये. तेथे छिद्रांचा प्रश्नच नसतो. गुडघा चीर देऊनच उघडला जातो. काही यंत्रणांत आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून, तर काहींत शस्त्रक्रियेच्या वेळीच घेतलेल्या मापांवरून हाडाचा नकाशा तयार होतो, आणि शल्यचिकित्सकाच्या हातातील करवत किंवा हाड कोरणारे अवजार ठरवलेल्या रेषेबाहेर जाऊ लागले की यंत्र त्याला अटकाव करते. त्यामुळे हाडाचे काप अधिक अचूक बसतात, हे दिसून आले आहे. परंतु त्या अचूकतेमुळे दहा-पंधरा वर्षांनी कृत्रिम सांधा अधिक टिकतो किंवा चालताना रुग्णाला अधिक बरे वाटते, हे अजून निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

खर्चाची कारणे उघड आहेत. यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांत असते, त्याच्या वार्षिक देखभालीचा करार वेगळा असतो, आणि मनगट असलेली अवजारे ठरावीक वेळा वापरल्यावर टाकून द्यावी लागतात. हा सर्व भार अखेर प्रत्येक रुग्णाच्या बिलात विभागला जातो. ज्या रुग्णालयात यंत्र आठवड्यातून एखाद्या वेळीच चालते, तेथे हा वाटा साहजिकच मोठा होतो. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातून रोबोटिक शस्त्रक्रिया पूर्णपणे वगळण्यास मनाई केली, हे पॉलिसीधारकांच्या पथ्यावर पडले असले, तरी त्यासाठी मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत अशा आधुनिक उपचारांसाठी विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच भरपाई मिळते. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असली, तरी रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी अडीच लाखांच्या वरचा खर्च घरातून करावा लागतो. कॅशलेस मंजुरीचे पत्र हातात पडल्यावर अनेकांचा घोर मिटतो, पण या अंतर्गत मर्यादेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करायला हवी. सार्वजनिक क्षेत्रातही हे तंत्र आलेले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2014 पासून कर्करोगासाठी रोबोटिक शस्त्रक्रिया होतात, आणि मीरा रोडच्या रुग्णाला लोकलने दादरपर्यंत जाऊन तेथे दुसरे मत घेता येते. कर्करोगाच्या निदानात असे दुसरे मत घेण्यासाठी लागणारे थोडे दिवस सहसा वाया जात नाहीत.

यंत्राची किंमत उतरण्याची शक्यता देशी बनावटीमुळे निर्माण झाली आहे. डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी स्थापन केलेल्या गुरुग्राममधील कंपनीची 'मंत्रा' ही यंत्रणा आता भारतातील अनेक रुग्णालयांत वापरात आहे, आणि 2025 च्या जानेवारीत तिच्या साहाय्याने गुरुग्राममध्ये बसून जयपूरमधील रुग्णावर हृदयशस्त्रक्रिया करण्यात आली. दूरस्थ शस्त्रक्रियेचा पहिला मोठा प्रयोग सप्टेंबर 2001 मध्ये झाला होता. फ्रेंच शल्यचिकित्सक झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबूर्गमधील एका स्त्रीचे पित्ताशय काढले होते. गडचिरोली, नंदुरबार किंवा मीरा-भाईंदरच्या शेजारचाच पालघर जिल्हा यांना अशा तंत्राचा लाभ होईल, ही आशा रास्त आहे. मात्र संपर्क तुटला किंवा रक्तस्राव आवरेना, तर तेथल्या तेथे पोट उघडून परिस्थिती सावरणारा शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ रुग्णाशेजारी लागतोच. ज्या तालुक्याच्या गावी हे दोघे नाहीत, तेथे दूरवरचा तज्ज्ञ जोडून देण्यापूर्वी जवळचा माणूस नेमावा लागेल.

छिद्रांच्या शस्त्रक्रियेच्या एका परिणामाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो, याचा अर्थ पूर्वी वॉर्डातील परिचारिका जी देखरेख करीत असे, ती आता घरच्या माणसांवर येते. नोकरीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी सकाळीच लोकल पकडणाऱ्या घरात दिवसभर रुग्णाजवळ कोण असेल, हे दाखल होण्यापूर्वीच ठरवावे लागते. पहिले दोन-तीन दिवस खांद्याचे टोक दुखले तर घाबरण्याचे कारण नसते. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो आणि त्याची वेदना खांद्यात जाणवते, चालण्याफिरण्याने ती ओसरते. भूल आणि दीर्घकाळच्या विशिष्ट स्थितीमुळे, विशेषतः प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत डोके खाली व पाय वर ठेवल्यामुळे, चेहऱ्यावर आलेली सूजही एक-दोन दिवसांत उतरते. याउलट पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, पोट फुगून वारा न सरणे, उलट्या, ताप, लघवी न होणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही आढळले तर उद्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या चमूशी त्याच वेळी संपर्क साधावा, कारण आतड्याला नकळत झालेली इजा किंवा रक्ताची गुठळी घरी आल्यावरच प्रकट होऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेची पद्धत, ती मध्येच बदलावी लागली का, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, या तीन नोंदी आहेत की नाहीत, हे रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि नसल्यास लिहून घ्याव्यात.